आडावरचं चित्र

"बाई, तुमी लावलंय, तुमीच काढा."

शाळा समितीचे अध्यक्ष वर्गात चपलेसकट उभे होते. चौथीची पोरं माझ्याकडं बघत होती. हेडसर खिडकीबाहेर बघत होते. मी स्टुलावर चढले.

माण तालुक्यातल्या या शाळेत मी नवी. नोकरी अजून कायम नाही. इतिहास पोरांना डोळ्यांनी दिसावा म्हणून मागच्या भिंतीवर 'आपलं गाव, काल आणि आज' मांडलं होतं. घरच्यांना विचारून पोरांनी कार्डशीटवर चित्रं काढून आणली. कुणी मिल्ट्रीतला आजा, कुणी मेंढरांचा वाडा, कुणी जुनी चावडी. सगळी लावली. त्यात एक चित्र माझं होतं. गावचा आड. काठावर पाणी शेंदणारी बाई, आणि लांब, रिकामी घागर घेऊन उभी माझी आजी. तिचं माहेर हेच गाव. आडाला आम्ही शिवायचं नाही. कुणाला दया येईल, कुणी वरून घागरीत ओतेल, तोवर उन्हात थांबायचं. आजी हे सांगताना रडायची नाही. मलाच ऐकवायचं नाही.

"आड आमच्या आज्यानं खांदलाय," अध्यक्ष म्हणाले. "आन तुमी पोरांस्नी ह्ये दावताय व्हय?"

मी म्हणाले, हे खरं आहे.

"खरं आसंल. पर भिंतीवर कशाला?"

उत्तर होतं माझ्याकडे. पण नोकरी डोळ्यांपुढं आली, घरी थकलेली आई आली. पिना निघेनात, नखानं उचकटल्या. घागरीचा कोपरा फाटला. मिल्ट्रीतला आजा राहिला, मेंढरं राहिली. आजी तेवढी खाली उतरली. तिला उतरवली ती मीच.

अध्यक्ष गेले. पुढं बसलेल्या एका पोरीनं हळूच विचारलं, "बाई, चित्र चुकलं व्हतं?"

मी खडू घेतला आणि फळ्यावर गणित लिहीत सुटले. लय लाज वाटली स्वतःची.

भिंत त्यांची असेल. आड मात्र चावडीमागं अजून आहे, लोखंडी जाळी टाकलेला. उद्या इतिहासाच्या तासाला वर्ग तिथं नेणार. आजी उभी राहायची तिथं मी उभी राहणार आणि त्या पोरीला सगळ्यांदेखत सांगणार, चित्र बरोबर होतं. मग मला काढायचं तर काढा.   आडावर जाणार म्हणजे जाणार.