आजाऱ्याच्या घरात बदाम सात

नवरा अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचून घरी आला आणि आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माणसं मायाळू, पण आजाऱ्याला बघायला येताना चेहरा दारातच पाडून येतात. त्याच्यासमोर बसून "कसा होता नि काय झालं हो!" म्हणायची आणि चहा पिऊन जायची. त्याची वाचा गेली होती, कान नव्हे. असं कुणी येऊन गेलं की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग शब्दांचा सराव नाही, चालणं नाही, काही नाही.

मी चिडले. सगळ्यांना तोंडावर सांगितलं, रडायचं असेल तर जिन्यात रडून या. आणि दुपारी शेजारणीला बोलावून बदाम सात मांडला. त्याचा उजवा हात चालत नव्हता, म्हणून परातीत गहू घेऊन त्याचे पत्ते त्यात उभे रोवले. डाव्या हाताने तो एकेक उपसायचा. शेजारीण हरली की आमच्या नावाने बोटं मोडायची आणि तो अर्ध्या तोंडाने हसायचा. हसला की नीट जेवायचा, आपणहून उठून चालायचा. आधी बरं व्हा, मग हसा, हे लोकांचं म्हणणं मला मान्यच नव्हतं. हसल्याशिवाय बरं व्हायला बळ आणायचं कुठून?

निफाडहून नणंद आली ती ठरवूनच. भावाला गंगापूर रोडला एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. पत्ते बघून तिचा पारा चढला.

"वहिनी, दादा असा पडलाय अन् तुम्ही पत्ते कुटताय? लोकं काय म्हणतील?"

"लोकांनाही बसवा. जागा आहे."

"त्याला काय समजतंय? तुम्हीच खेळता अन् तुम्हीच त्याला जिंकवता. त्याचं डोकं नाय राहिलं आता."

हीच भीती मलाही होती, फक्त ती मी कुणाजवळ बोलले नव्हते. तरी म्हटलं, "बसा, ताई. एक डाव खेळा, मग न्यायचं बोला."

ती फणकाऱ्याने बसली आणि बघता बघता रंगली. इस्पिकची सत्ती लागली होती, छक्की कुणी टाकत नव्हतं. "पंजी घेऊन बसलेय मी कवाची, टाका की कुणीतरी!" ती ओरडली. या खेळात पत्ता असला तर लावावाच लागतो, नसला तरच पास म्हणायचं. पाळी नवऱ्याची होती. त्याने परातीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, ओठ जुळवले.

"पास."

झटका आल्यापासूनचा पहिला शब्द. शेजारणीने तोंडावर हात ठेवला. नणंद हमसून रडायला लागली. मी मात्र उठून त्याच्या पत्त्यांत डोकावले. गव्हात इस्पिक छक्की ताठ उभी होती. सख्ख्या बहिणीला अडवायला तो धडधडीत खोटं बोलला होता.

मी परात नणंदेकडे फिरवली. "घ्या," म्हटलं, "हा तुमचा डोकं नसलेला दादा."