सगळ्यांचा पेला

माझा मामा पितळेच्या कारखान्यात नक्षी ठोकायचा. तिथे भट्टी नव्याने पेटवली की एकच मोठा पेला फिरतो, मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यातूनच पाणी पितात. जो प्यायला तो आपला, बस. पेल्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली माणसं आहेत, गोल फेर धरल्यासारखी. ती मामानेच तरुणपणी ठोकलेली. त्यातलं एक नाक तर मुद्दाम जाड्याचं, म्हणजे शेजारी बसणाऱ्या त्याच्या जिगरी दोस्ताचं.

मग मामाला टीबी झाला. औषधं पूर्ण घेतली, डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही, जा कामावर. नेमकी भट्टी पेटायच्या दिवशी मी त्याला स्कूटरवरून सोडायला गेले. मामीने इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलेलं, अगदी नवरदेव! पण तो वाटभर एकच विचारत होता, "देतील ना गं मला पेला?"

मुकादम हसत हसत कागदी कप घेऊन आला. "तू आता पाहुणा. पाहुण्याला स्पेशल!"

"पाहुणा असेल तुझा सासरा," म्हणत मामाने पेल्यासाठी हात पुढे केला.

पेला आला. मामा प्यायला, इतका हळू की मला रडूच आलं. मग त्याने तो जाड्याला दिला. जाड्याने तोंडाला लावला, मान मागे टाकली, मिशी पुसली. पण त्याचा गळा हललाच नाही. मामा समोरच होता, त्याने बघितलं. पुढच्यांनी तर पेला नुसताच पुढे सरकवला.

संध्याकाळी मी न्यायला गेले तर वेगळंच. कुणीतरी 'स्वच्छ होऊ दे' म्हणून पेला पितळ धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये टाकलेला. खरं तर बुचकळून लगेच काढायचा असतो. पण काढायला कुणी हातच लावला नाही! शेवटी मामानेच चिमट्याने काढला, पाण्याने खळखळून धुतला. पेल्यावरची माणसं गेली होती. नाकं, हात, सगळं सपाट. बुडाला भोक.

"नवा ठोकून दे की," जाड्या खाली बघत म्हणाला. "तुझ्यासारखा हात कुणाचाय?"

मामाने पेला पुढे केला. "आधी हा धर तर खरा."

जाड्याने धरला. फडक्यात. धुतलेला पेला, फडक्यात!

मामा परत कामावर गेला नाही. आता घरी पाणी मागतो तेही "माझ्या ग्लासात दे" म्हणून. मामी चिडते, तोच ग्लास उचलून त्याच्यासमोर घटाघटा पिते. तो उठतो, ग्लास विसळतो आणि बाकीच्या भांड्यांपासून लांब, खिडकीत पालथा घालतो.