दोऱ्या कुणाच्या हाती

सार्वजनिक टाक्यांच्या मागे कपडे वाळवायचं मैदान आहे. शेजारी उंच इमारत, म्हणून निम्म्या मैदानावर कायम सावली. पूर्वी उन्हासाठी धुलाईवाल्या बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या आणि धुतलेल्या चादरी मातीत जायच्या. शेवटी वैतागून सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या एकीच्या हवाली केल्या. दोऱ्या ती बांधणार, आज कुणाला ऊन तेही तीच ठरवणार. त्याच या दोरीवाल्या मावशी.

बाई फटकळ, पण सरळ. सख्ख्या बहिणीला सावलीत टाकतानाही हात अडखळायचा नाही. भांडणं थांबली. काही शतकांपूर्वी एका विचारवंताने हेच मांडलं होतं, की माणसं मारामारीला कंटाळतात आणि आपला थोडा हक्क सरकारकडे सोपवतात. मी हे मावशींना सांगितलं, तर खूश!

"म्हणजे मी राणीच की!"

"सोपवतात, मावशी. दान नाही करत. विश्वास मोडला तर परत घेतात."

"कोण घेतंय, बघतेच."

मग एक नवी आली. तिच्याकडे लॉजच्या चादरी. मॅनेजरने बजावलेलं, पुन्हा ओलसर गठ्ठा आला तर काम बंद. आणि मावशींचा नियम, नवीने आधी सावलीत राहायचं. एके सकाळी नवीने आपली दोरी सरळ उन्हात बांधली. मावशींनी सोडली.

"इथे माझा शब्द चालतो."

"कुणी दिला?"

"सगळ्यांनी."

"मी नाही दिला. मी तेव्हा नव्हतेच."

"मैदानात पाय ठेवलास ना? म्हणजे कबूल."

"मग कुठे वाळवू, तुमच्या डोक्यावर?"

बायका खो खो हसल्या. तो विचारवंतही मावशींसारखंच म्हणतो. सरकारी रस्त्यावरून नुसतं चाललात तरी तुमचा होकार धरला. इथे मला त्याची गचांडी धरावीशी वाटते. दुसरा रस्ताच नसेल तर चालण्याला होकार कसला?

तेवढ्यात मावशींची बहीण पुढे आली. "नवीला सावली, हे आपण कधी ठरवलं गं? दोऱ्या भांडण मिटवायला दिल्या होत्या, पोरीचं पोट मारायला नाही." तिने आपली दोरी खांबावरून काढून कोपरावर गुंडाळली. मग दुसरीने, तिसरीने. मावशी मोकळ्या खांबांपाशी उभ्या राहिल्या.

पुढे काय होणार? सगळ्या उन्हाकडे धावल्या. धक्काबुक्की, शिव्या, आणि नवीची एक चादर चिखलात. तिनेच दोरी उचलून मावशींपुढे धरली.

"घ्या. पण पाळी सगळ्यांची सारखी. माझीही."

मावशींनी दोरी हातात घेतली. मग म्हणाल्या, "बरं." आणि एकेकीपुढे जाऊन हात पसरला. बायकांनी कुरकुरत दोऱ्या दिल्या. नवीला त्या दिवशी ऊन मिळालं आणि लॉजचं काम टिकलं.

बहिणीने मात्र दोरी दिली नाही. अजून दिलेली नाही. ती आपल्या चादरी कुंपणावर वाळत घालते. मावशी तिला काही म्हणत नाहीत.