अर्ध्या छपराचा जोर

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलोय. गडचिरोलीकडचा, जंगलाच्या कडेला वाढलेला, तरी भुताखेतांवर कधी विश्वास बसला नाही. नववीतून शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील... सांभाळून घ्या.

अहिल्यानगरच्या एमआयडीसीत अण्णांचं छोटं वर्कशॉप. पत्र्याच्या शेडचं डिझाइन करून द्यायचं. मी आलो वेल्डिंगला हेल्पर म्हणून. अण्णांनी कॉम्प्युटरसमोर बसवलं, त्यातल्या शेडवरून वारा वाहवून बघायचं शिकवलं. घरापासून इतक्या लांब, ताप आला तर दवाखान्यात नेणारं तेच एक माणूस. उपकार कसे फेडू?

शेड दोन्ही बाजूंनी सारखी आणि वारा आढ्याच्या, म्हणजे छपराच्या मधल्या उंच कण्याच्या, रेषेत असला, की कॉम्प्युटरला अर्धीच शेड द्यायची. मधे जणू आरसा. गणित लवकर सुटतं. पण छप्पर उचलणारा जोरही अर्ध्याचाच येतो — शेवटी दुप्पट करायचा. पहिल्यांदा मी तसाच आकडा दिला, तर अण्णा म्हणाले, "आरं, उरलेलं अर्धं छप्पर काय तुझ्या सासऱ्यानं धरायचं व्हय?"

"लग्न कुठं झालंय, अण्णा?"

"मग तर लईच अवघड हाय!"

तेव्हापासून वाटणीच पडली. गणित मी चालवायचं, दुप्पट अण्णांनी करायचं. मी त्या आकड्याला कधी हातच लावला नाही.

दिवाळीनंतर अण्णा गेले. बसल्या जागी. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, मलाही त्यांच्या पोराच्या बरोबरीनं खांदा द्यायला लावला.

मग एकट्यानं केलेलं पहिलं काम — जिल्ह्यातल्याच बेलापूरची कांदा निवडायची शेड. रिपोर्ट शेड उभी करणाऱ्या रावसाहेब मिस्त्रींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यातल्या जोरावरून ते बोल्ट ठरवणार होते.

मे महिन्यात एका दुपारी वादळी वारा सुटला. वर्कशॉपचा पत्रा थडथडायला लागला आणि एकदम डोक्यात आलं... बेलापूरचा आकडा दुप्पट केलाच नव्हता! ते काम अण्णांचं होतं ना. त्या शेडखाली वीसेक बायका कांदा निवडतात. फोन लागेना. मिळेल त्या एसटीनं निघालो. रस्ताभर पडलेली झाडं, उडालेले पत्रे.

पोचलो, तर शेड जागेवर. बायका सुखरूप.

"शेजारच्या दोन गेल्या, आपली हलली बी न्हाई," रावसाहेब म्हणाले. "पन तू का रडतूस?"

"मिस्त्री, जोर किती धरलावता?"

"तुज्याच कागदावर हाय की. आठ टन."

त्यांनी प्रिंट दाखवली. छापील आठ टन. मी पाठवलेली फाइल उघडली — चार. त्यांच्या मोबाईलमध्येही चार. प्रिंट काढणारा म्हणाला, "आलं तेच छापलं." गणित नंतर नऊ वेळा चालवलं. चारच येतं.

काकूंना सांगितलं. म्हणाल्या, "माझ्याकडं न्हाई आले रं हे... एकदा पन."

हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. दुप्पट आता मीच करतो. कधीकधी फार वाटतं, एकदा मुद्दाम अर्धाच आकडा पाठवून बघावा... पण खाली माणसं बसणार असतात. धीर होत नाही.