घरचं पाणी घेऊन या

माझी धाकटी बहीण लाखांदूरजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या कामांना नागपूरची एक संस्था छोटी अनुदानं देते. त्यातलं एक तिला मिळालं आणि त्यातून सूक्ष्मदर्शक आला. अट एकच होती, शाळेबाहेरच्या मोठ्या माणसांनी तो वापरला पाहिजे. संस्थेचे अधिकारी ते स्वतः पाहणार होते. माणसं दिसली नाहीत तर सूक्ष्मदर्शक परत जाणार होता.

तिनं दिघोरीची, दिवाळीनंतरची मंडई निवडली. दिवसभर जत्रा, रात्री नाटक. माणसांना तोटा नसतो. जिलेबी आणि बांगड्यांच्या दुकानांमध्ये आम्ही टेबल मांडलं, वर फलक टांगला: ‘पाण्याचा थेंब पाहा. मोफत.’

चूक तिथंच झाली. मंडईत फुकट दाखवणारा पुढं काहीतरी गळ्यात मारतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं. लोक फलक वाचत आणि वळसा घालून जात.

“दादा, लोकं काहून थांबून नाही राहिले?” हाका मारून बहिणीचा आवाज बसला होता.

दुपारी समोरच्या घरातली म्हातारी आली.

“काय इकून राहिली बाई?”

“काहीच नाही, मावशी. पाणी पाहा.”

“पाणी तं घरीच हाय. त्याच्यासाठी मंडईले येऊ काय?”

“मंग घरचंच घेऊन या!” बहीण वैतागून म्हणाली.

म्हातारी खरंच विहिरीच्या पाण्याचा लोटा घेऊन आली. डोळा लावला आणि मागं सरली. “बापा! हे तं चालून राहिलं!”

तिच्यामागून आलेली तिची शेजारीण हसली. “म्हणूनच तुमची कढी दाट लागते.”

“थांब, तुह्याही घरचं आण.”

तासाभरात लोटे, बाटल्या, गडवे घेऊन रांग लागली. ज्याच्या थेंबात जीव दिसे, त्याची टिंगल होई. बहीण प्रत्येकाला पाणी उकळायला सांगत होती.

अधिकारी आले तेव्हा तिला वर बघायलाही सवड नव्हती. म्हातारीनंच त्यांना अडवलं. “साहेब, लाइनीत या. पाणी आणलं काय?”

त्यांनी मुकाट्यानं पिशवीतली बाटली काढली. त्यांच्या थेंबात काहीच दिसलं नाही.

“साहेब पास!” रांगेतून कुणीतरी ओरडलं.

त्यांनी बहिणीला विचारलं, “आता पुढं कुठं नेणार?”

ती पुढचा थेंब काचेवर ठेवत होती. उत्तर म्हातारीनं दिलं. “सानगडीले. माही लेक तिथं दिली हाय. तिच्या सासूचं पाणी पाहाचं हाय मले.”

अधिकारी मोठ्यानं हसले. सूक्ष्मदर्शक बहिणीकडंच राहिला.