डोळ्यांची साथ आणि माझी अडलेली सुट्टी

नोकरीतून निवृत्त झालं, तरी नर्सच्या डोक्यातून पेशंट काही निवृत्त होत नाहीत. एकाचा किस्सा सांगावा तर मागून चार येतात. डोळे येण्याचा विषय काढलाच आहे, तर ऐका!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तुमसर तालुक्यातलं गाव, छोटासा दवाखाना. माझी तीन वर्षांची पोरगी वरठीला माझ्या आईकडे. दोन महिने तिला पाहिलं नव्हतं. सुट्टीचा अर्ज दिला आणि गावात पोरांचे डोळे आले! डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, साथ संपली की जा.”

रोज सकाळी व्हरांड्यात रांग. डॉक्टर अंगठ्यानं पापणी खाली ओढायचे, मागोमाग मी ड्रॉपरनं थेंब टाकायची. एक अंगठा, एक ड्रॉपर, तासाभरात अख्खी शाळा खलास! आमच्या स्पीडचं आम्हालाच कौतुक.

एक बाई आली, पोराचं तोंड भिंतीकडे करून उभी.

“इकडे वळव ना त्याला!”

“नाई बाई, त्याच्या डोयात पायलं का तुमाले बी येईन!”

“मग थेंब काय पाठीत टाकू?”

एका घरी काजळाची एकच डबी, पाच पोरांची बोटं त्यात. म्हटलं, आधी ती फेक. दुसऱ्या दिवशी विचारलं, फेकली का?

“फेकाले जीव नाई झाला बाई. जावेले देऊन देली!”

चार दिवसांनी जावेची तिन्ही पोरं रांगेत.

गुरुजींना सांगितलं, लाल डोळेवाल्यांना घरी पाठवा. झालं! दुसऱ्या दिवशी एक पोरगी रडत आली. सुट्टीसाठी डोळ्याला मिरची लावली होती. “बाई, मले सुट्टी नाई पायजे, आग थांबवा!” खरं सांगते, मनात आलं, आपणही लावून पाहावी.

मग डॉक्टरांचेच डोळे आले. काळा चष्मा लावून बसले. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं, “डाक्टरसाहेब, तुमी कोनत्या दवाखान्यात जाता?”

महिना झाला, साथ हटेना. आईचं पत्र आलं: “पोरगी आता मलाच आई म्हणते.” त्या दिवशी मी खूप रडले. थकलेही होते. मग ठरवलं, घरोघर फिरून पाहायचंच, ही साथ जात का नाही.

घराघरात लाल डोळे. शेवटी तळ्याच्या पाळीजवळचं एक घर. अंगणात आजी, भोवती सहा नातवंडं. एकाचाही डोळा लाल नाही! मी पिशवी खाली ठेवून त्यांच्यासमोर बसलेच.

“आजी, कोणता पाला लावला? कोणता रस घातला? सांगा, म्हणजे मी लेकराकडे जाईन!”

“काईच नाई लावलं ओ बाई.”

“मग सगळ्या गावाचे डोळे आले, यांचे कसे नाही आले?”

आजी जरा घुटमळली. पदर सावरून हळूच म्हणाली,

“राग नोका मानू बाई... यायले मी तुमच्या दवाखान्यात आनलंच नाई!”