आधी जहाज

"आधी जहाज," असं म्हणून ती समोरच्याला हातातली वस्तू खाली ठेवायला लावायची. बांगडीवाली दारात टेकली, की आधी जहाज. नवऱ्याने सायकलला नवी सीट बसवायची काढली, की आधी जहाज. माझ्याकडे चहाला आली आणि मी दुसऱ्यांदा ओतायला लागले, तर कपावर हात आडवा धरून म्हणायची, "नको बाई, सवय लागेल. आधी जहाज." आता माझ्या चहाचा आणि तिच्या जहाजाचा काय संबंध, तुम्हीच सांगा.

ती उंद्रीच्या दवाखान्यात नर्स होती आणि मी तिथल्या कन्याशाळेत मास्तरीण. आमच्या खोल्यांच्या मध्ये एकच कुडाची भिंत. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि गावात जो तो 'आपलं राज्य, आपली माणसं' असं म्हणत छाती फुगवून फिरत होता. ही मात्र आपल्या माणसांत धरली जात नव्हती, कारण ती मॉरिशसची होती. मॉरिशस कुठे आहे हे मलाही शाळेच्या नकाशात शोधावं लागलं. तिचा पणजा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेला, तो तिथलाच झाला. ती नर्सिंग शिकायला मुंबईला आली. तिथे उंद्रीचा एक पोरगा कापडगिरणीच्या कचेरीत कारकुनी करत होता. त्याच्याशी तिने लग्न केलं, आणि तो नोकरी सोडून गावी परतला तशी तीही इकडे आली.

तिचं नाव मराठी, कुंकू मराठी, देव्हाऱ्यातला गणपती मराठी. भाषा तेवढी आजीकडून आलेली, जुन्या वळणाची, मध्येच अडखळणारी. तेवढं पुरलं गावाला. "परदेशी नर्सबाई" असं एकदा नाव पडलं ते पडलंच. बायका बाळंतपणाला तिच्याच हाती जीव सोपवायच्या आणि उठून बसल्या की विचारायच्या, "तुमच्या देशात गणपती राह्यते काय वो?"

"राहतो ना. माझ्या पणज्याने नेला तो. बोटीतून, उपाशीपोटी."

तिची आई तिकडे एकटी होती आणि अंथरुणाला खिळली होती. तिथल्या इस्पितळात हिला नोकरी मिळणार होती. नवरा आपण होऊन म्हणाला होता, "चाल, जाऊ सगळेच." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, कुडाच्या भिंतीतून सगळंच ऐकू येतं. त्या दिवसापासून तिने कंबर कसली.

फळीवर चार डबे मांडले. दोन मोठे, नवऱ्याच्या आणि तिच्या तिकिटाचे. दोन लहान, कारण दोन्ही पोरींना अर्धं तिकीट. पगार झाला की चारही डब्यांत थोडं थोडं पडायचं. रुपये तिकडे नेऊन उपयोग नव्हता. सरकार नेऊ द्यायचं ते चिमूटभर. म्हणून तिचा हिशोब सरळ होता: पैसा फक्त जहाजात चढेपर्यंत. पुढचं पुढे. घरात साखर आटली, दिव्याची वात बारीक झाली, पोरींच्या फ्रॉकना खालून पट्ट्या लागल्या. नवऱ्याच्या वाटणीचा कापूस दरवर्षी थोरल्या भावाच्या गाडीत भरून खामगावला जायचा आणि त्याचा पैसा थोरल्या भावाच्याच खिशात राहायचा. मी एकदा तिच्या नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुमचा वाटा तरी मागा."

"दादाले कसं मागू, बाई?" तो म्हणाला. माणूस गोड होता. असल्या गोड माणसांचा मला तेव्हापासून तिटकारा आहे.

डबे भरत आले. मुंबईहून जहाजाची तारीख कळली. आणि थोरला भाऊ ओसरीवर येऊन बसला.

"समुद्रापार जाऊन राह्यला तू," तो नवऱ्याला म्हणाला, "अन् गाव जेवल्याबिगर जाशील? भावकीले आहेर नाही, पंगत नाही. लोकं काय म्हणतीन बे? बापाच्या नावाचं काय?"

आमच्या भागात ही रीतच होती. लांब निघालेल्याने गाव जेवू घालायचं, भावकीला लुगडी-धोतरं द्यायची. मग भावकीही उलटा आहेर करायची. पण जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मलकापूरला बदली होऊन जाणाऱ्यालाही हीच रीत आणि समुद्र ओलांडणाऱ्यालाही हीच, हा कुठला न्याय?

ती दारात उभी होती. तिने आवाज चढवला नाही. "दादा, माझा पणजा निघाला तेव्हा कोणी पंगत घातली नव्हती," म्हणाली. "तरी पोचला तो."

"तो मजूर होता, नर्सबाई. हा आमच्या घरचा हाये."

घरातल्या धाकट्या सुनेलाही तो 'नर्सबाई' म्हणायचा, हे ध्यानात घ्या.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून परतली तर फळीवरचा एक मोठा डबा रिकामा होता. नवऱ्याचा. त्यानेच तो पंगतीसाठी भावाला दिला होता. ती काही बोलायच्या आत म्हणाला, "तुम्हा तिघींच्या डब्याले हात नाही लावला मी. माहाच देला."

केवढं हे औदार्य! मला भिंतीपलीकडे उठून ओरडावंसं वाटलं, की अरे भल्या माणसा, तू पैसे नाही दिलेस, तू तुझं जाणं देऊन टाकलंस. तिलाही ते कळलं असणार. ती एवढंच म्हणाली, "बरं. मी बघते."

पंगत झाली. बुंदी फार छान झाली होती म्हणे. मी गेले नाही. ज्या बुंदीत एका बाईच्या नवऱ्याचं तिकीट तळलेलं आहे, ती माझ्या घशाखाली उतरली नसती. गावाच्या मात्र उतरली, आणि लोक ढेकर देत आहेर करून गेले. लुगडी, खण, टॉवेल-टोप्या, पितळेची ताटं. त्यातलं निम्मं याच्या लग्नातून त्याच्या बारशाला फिरत आलेलं. आहेराचं असंच असतं. आलेला आहेर पेटीत ठेवायचा, कोणाला तरी पुढे द्यायचा. विकायचा मात्र नाही. आहेर विकणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं.

आठवडी बाजाराच्या दिवशी ती सकाळीच निघाली. मिरच्यांच्या ढिगांशेजारी जाजम अंथरलं, वर सगळा आहेर मांडला आणि नर्सचा पांढरा पोशाख घालून मध्ये बसली. तिला बाजारात ओरडता येत नव्हतं. शांतपणे, बाळंतिणीला औषधाची वेळ सांगावी तशी सांगत होती, "हे पाटलीणबाईंचं लुगडं. हा सरपंचांच्या घरचा खण. ही ताटं थोरल्या दिरांची."

 मग पाटलीणबाई तणतणत आल्या. "लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर नाव सांगून विकते. चोरून विकत नाही."

आणि मग जी धांदल उडाली! आपलं लुगडं दुसऱ्याने घेतलं तर गावभर दाखवत हिंडेल, या भीतीने एकेक जण येऊन स्वतःचाच आहेर विकत घेऊ लागला. पाटलीणबाईंनी तर घासाघीसही केली नाही. एका हाताने पदर नाकाला लावून, दुसऱ्याने पैसे फेकून लुगडं काखेत मारून गेल्या. मी मिरच्यांच्या आड उभी राहून हसत होते, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले होते. मिरच्यांमुळे नाही. दिवस कलायच्या आत जाजम रिकामं झालं आणि चौथ्या तिकिटाचे पैसे पुरे झाले.

नवरा तिच्याशी बोलेना. "दादाले गावात तोंड दाखवाले जागा नाही राह्यली," हे एकच पालुपद. तिने त्याची वळकटी स्वतः बांधली.

शेगावच्या स्टेशनावर मुंबईची गाडी पकडायची होती. मी पोचवायला गेले. थोरला भाऊही भावकी घेऊन हजर. गाडी आली. तिने पोरींना चढवलं, ट्रंक चढवली, स्वतः चढली. नवऱ्याने एक पाय पायरीवर ठेवला आणि त्याच क्षणी थोरल्याने गळा काढला. "मले टाकून चालला का रे! बापाच्या मांगं तुले पोसलं म्या!" दोन्ही हातांनी त्याने भावाचा दंड धरला. शिटी झाली. मी ओरडले, "चढा! अहो, चढा ना!" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि पाय खाली घेतला.

ती हात पुढे करून दारात उभी होती. तिने हाक मारली नाही. गाडी हलली तशी तिने तो हात हळूहळू मागे घेतला. खिडकीत धाकटी पोरगी बाकावर आडवी पडून कुण्या बाईशी भांडत होती, "इथं नका बसू. इथं बाबा बसणार हायेत."

गाडी दिसेनाशी झाली. थोरल्याने उपरण्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "चाला, शेगावले आलोच तं दर्शन करून घेऊ." आणि तो गोड माणूस वळकटी काखेत मारून त्याच्या मागे निघाला.